जमीन घेण्यापूर्वी
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

पेडणे तालुक्यांतील तुये हे गांव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शापोरा नदीच्या उत्तर कांठचे हे गांव. नदी ओलांडली की बारदेशांतील कामुर्ली. नदीच्या कडेला खाजन, त्यावर मरडाची शेते, मग माडांची भाटे आणि अगदी वर भरडावर काजूचे रान, अशी या बाजूच्या गांवांची जुनी रचना. अशा गांवांत पूर्वी जमिनीची खरेदी-विक्री झालीच, तर ती बहुधा शेजाऱ्याशेजाऱ्यांत होई. घेणाऱ्याला देणाऱ्याचे घराणे ठाऊक असे, घराण्यांत बहिणी किती, त्या कोठे दिल्या, भाटांत कोणाची झोपडी आहे, शेत कोण करतो, हे सारे तोंडपाठ असे. दप्तरांत जे नव्हते ते गांवाच्या स्मरणांत होते.

आता काळ पालटला आहे. तुये येथे औद्योगिक वसाहत झाली, इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वेगळी जागा आखली गेली, आणि तालुक्यांतील मोपाच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरूं लागली. मांद्रे-मोरजीचा किनारा जवळच. साहजिकच मुंबई, पुणे, दिल्लीकडील मंडळी जागा पाहावयास येतात. त्यांना गांवाचे स्मरण नसते. दलाल त्यांच्या हाती एक कागद ठेवतो आणि म्हणतो, "हा पाहा एक-चौदाचा उतारा. मालकाचे नांव स्पष्ट आहे. उद्यां विसार द्या, नाही तर दुसरे गिऱ्हाईक उभेच आहे." जन्मभराची पुंजी या एका कागदाच्या भरंवशावर मोजली जाते आणि पुढची पंधरा-वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तेव्हां हा कागद काय सांगतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सांगत नाही, याचा आज विचार करूं.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. महसुली उताऱ्यावरील नांव म्हणजे मालकी नव्हे. महसुली नोंद ही मुळांत सारा कोणाकडून घ्यावयाचा हे कळण्यासाठी असते. अशा नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. नोंद खरी असल्याचे कायदा गृहीत धरतो, पण ते विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. जगांत सर्वत्र अशीच पद्धत आहे असे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियांत रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली असा कायदा करून घेतला की, सरकारी नोंदवहींत ज्याचे नांव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नाही. आपला उपनिबंधक दस्त नोंदवितो; विकणारा खरोखर मालक आहे कीं नाही, याची ग्वाही तो देत नाही. ती खात्री घेणाऱ्याने स्वतः करून घ्यावयाची असते.

ही खात्री गोव्यांत थोडी अधिक कठीण आहे, आणि त्याचे कारण आपल्या इतिहासांत आहे. पेडणे महाल १७८८ च्या तहाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी. पोर्तुगीज अमदानींत जमिनीचे वर्णन व तीवरील हक्क 'कोंसेर्व्हातोरिया'च्या वह्यांत नोंदले जात, तर करासाठी 'मात्रीज' नांवाची वेगळी वही असे. या नोंदी पोर्तुगीज भाषेत, आणि जमिनीची ओळख नंबराऐवजी चतुःसीमांनी: पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ, अशी. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर १९६८ चा जमीन महसूल कायदा आला, त्याखाली गांवोगांव मोजणी झाली, सर्व्हे नंबर व पोटविभाग पडले, आणि आज आपण पाहातो तो नमुना एक व चौदा तयार झाला. म्हणजे एकाच जमिनीला दोन ओळखी झाल्या: जुन्या वहींतील नांव-सीमा आणि नव्या नकाशांतील नंबर. जुन्या दस्तांतील भाट म्हणजे नव्या नकाशांतील हाच नंबर, एवढे सिद्ध करणे हे पहिले काम. कित्येक तंटे याच सांध्यावर उभे राहातात.

आता तो उतारा हाती घेऊं. त्यांत सर्व्हे नंबर व पोटविभाग, जमिनीचे नांव, क्षेत्र आणि त्याची वर्गवारी असते. वर्गवारींत भात, बागायत, खाजन, केर, मरड असे शब्द दिसतात. त्यानंतर कब्जेदाराचा रकाना येतो. बहुतेक लोक येथेच थांबतात. वस्तुतः खरे वाचन येथून पुढे सुरूं होते. कुळाच्या रकान्यांत कोणाचे नांव आहे? 'इतर हक्क' या रकान्यांत काय लिहिले आहे? तेथे मुंडकाराचे घर, वाट, विहिरीचे पाणी, बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम यांपैकी कांहीही असूं शकते. नांवांपुढे फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार केव्हां झाला व कशाच्या आधारे झाला, हे मामलेदार कचेरींतून काढावे. सहा महिन्यांपूर्वी घाईने झालेला फेरफार दिसला, तर तेथे थांबून विचार करावा. उतारा व नकाशा आता भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावरही पाहावयास मिळतो. म्हणून दलालाने दाखविलेल्या प्रतीवर न विसंबतां ताजा उतारा स्वतः काढावा.

उताऱ्यानंतर दस्तांची साखळी. विकणाऱ्याला ही जमीन कशी मिळाली? खरेदीने मिळाली असल्यास त्याआधीच्या मालकाला कशी मिळाली? असे एकेक पाऊल मागे जावे. मालमत्ता हस्तांतरण व नोंदणी यांचे भारतीय कायदे गोव्यांत १ नोव्हेंबर १९६५ पासून लागूं झाले. त्यानंतरचे दस्त उपनिबंधकाच्या कचेरींत सांपडतात. त्यापूर्वीचे शोधण्यास जुन्या नोंदवह्या व नोटरीची दप्तरे पाहावी लागतात आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या माणसाची मदत घ्यावी लागते. बोजा नसल्याचा दाखला उपनिबंधकाकडून घ्यावाच. पण तो फक्त तेथे नोंदलेल्या दस्तांपुरता बोलतो, हे ध्यानांत ठेवावे. वारसाने चालत आलेला हक्क, कुळाचा हक्क, तोंडी वाटणी, यांविषयी तो मुका असतो.

वारसा हाच गोव्यांतील व्यवहाराचा सर्वांत नाजूक भाग आहे. येथील कुटुंबांना १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागूं राहिली. हिंदूंच्या कांही चालीरीतींना १८८० च्या हुकुमाने मान्यता मिळाली. वारशासंबंधीचे नियम आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यांत घेतलेले असून तो डिसेंबर २०१६ पासून अंमलांत आहे. या कायद्याचे सूत्र असे: विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पति-पत्नी एकमेकांच्या सर्व मालमत्तेचे समान भागीदार होतात, वारशाने आलेली मालमत्ताही त्यांत येते, आणि मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा.

एक उदाहरण घेऊन हिशेब करूं. समजा, तुये येथील एक भाट उताऱ्यावर आजोबांच्या नांवे आहे. आजोबा वारले. मागे आजी, दोन मुलगे व दोन मुली, चौघेही विवाहित. निम्मे भाट आजींचे होतेच, ते त्यांना कोणी दिलेले नाही. उरलेल्या निम्म्याचे चार वाटे, म्हणजे प्रत्येक अपत्याला आठवा हिस्सा. पण त्या आठव्या हिश्श्यांतही त्याचा नवरा वा बायको निम्म्याची धनी. आता गांवांत राहाणारा थोरला मुलगा "भाट माझेच, मीच सांभाळतो" असे म्हणून ते विकावयास निघतो. तो लबाड असतो असे नाही. त्याने खरोखर तीस वर्षे माड शिंपले असतील. पण कायद्याच्या हिशेबांत तो सोळाव्या हिश्श्याचा धनी आहे! खरेदीखतावर आजी, चार अपत्ये आणि त्यांची चार जोडीदार माणसे, अशा नऊ सह्या हव्यात. मुंबईस दिलेली मुलगी, तिचा नवरा, लिस्बनला वा लंडनला गेलेला भाऊ, यांतील कोणाचेही नांव गाळून चालणार नाही. वीस वर्षांनी त्यांतील एकाचा मुलगा दारांत उभा राहिला, तर दावा ऐकावाच लागतो.

म्हणून दोन कागद मागावे. पहिला, वारस कोण ते ठरविणारा नोटरीपुढील वारसाचा दस्त. दुसरा, वाटणीचा कागद. वाटणी न्यायालयांतील 'इन्व्हेंतार' प्रकरणांत झालेली असेल, तर कोणता नंबर कोणाच्या वांट्यास गेला हे निकालांत स्पष्ट असते. वाटणी झालेली नसेल, तर एकट्या वारसाला नेमका अमुक तुकडा दाखवून विकतां येत नाही. त्याच्या हाती फक्त न विभागलेला हिस्सा असतो. गोवेकरांना लागूं असलेल्या या संहितेची व्याप्ती गोव्याबाहेरील त्यांच्या मालमत्तेपर्यंतही पोंचते, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालांत म्हटले आहे. म्हणजे पेडण्यांतील कुटुंबाची बांद्याकडे जमीन असली, तर तेथेही वारसांचा हाच विचार करावा लागतो.

मालक व वारस ठरले, तरी जमीन मोकळी झाली असे नाही. तीवर राबणारा व तीवर राहाणारा, या दोघांचे हक्क उरतात. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले. १९७६ च्या दुरुस्तीने त्याहून मोठे पाऊल टाकले, आणि कसणारा कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. अशा जमिनीच्या उताऱ्यावर कब्जेदाराच्या रकान्यांत जुन्या भाटकाराचे नांव अद्यापि दिसत असेल, पण कुळाच्या रकान्यांत दुसरे नांव असेल, तर भाटकाराजवळ विकण्यासारखे काय उरले, हाच प्रश्न आहे. उलट, कुळाने खरेदीची सनद मिळविली असली, तरी तो ती जमीन मामलेदारांच्या पूर्वपरवानगीवांचून विकूं शकत नाही. आणि १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्याप्रमाणे अशी जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरतां येत नाही. स्वस्तांत मिळालेले ते शेत घर बांधण्याच्या कामाचे नसते.

मुंडकाराची गोष्ट याहूनही मनास लावून घेण्यासारखी आहे. भाटकाराच्या भाटांत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेले हे कुटुंब. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याप्रमाणे त्याला घरांतून काढतां येत नाही, आणि घर व त्यालगतची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. त्याचे नांव उताऱ्यांत असेल वा नसेल. घर आहे, धूर निघतो आहे, तुळशीपुढे दिवा लागतो आहे, तर हक्काचा प्रश्न आहेच. "व्यवहार झाला कीं त्यांना हालवूं" असे आश्वासन कोणी देत असेल, तर तो दोन घरांची फसवणूक करीत आहे असे समजावे: एक घेणाऱ्याची आणि दुसरी त्या मुंडकाराची.

याखेरीज कांही जमिनी अशा आहेत कीं, ज्या एका माणसाच्या नसतातच. देवस्थानच्या जमिनी महाजनांच्या वतीने सांभाळल्या जातात. देवालयांचा कारभार १९३३ च्या नियमावलीखाली चालतो. कोमुनिदादीच्या जमिनींना १९६१ ची संहिता लागूं आहे. नव्या काबिजादींत सरकारने लागवडीसाठी दिलेल्या आल्वारा जमिनीही आहेत. या तिन्हींत जमीन वापरणारा माणूस मालकासारखा दिसतो, पण विकण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती नसतो. उताऱ्यांत देवस्थानाचे, कोमुनिदादीचे वा सरकारचे नांव कोठेही आढळले, तर त्या संस्थेचा लेखी ठराव व वरिष्ठांची मंजुरी पाहिल्याखेरीज पुढे जाऊं नये.

आता दुसरा मोठा प्रश्न: जमीन त्याची असेलही, पण मला तेथे काय करतां येईल? नगर नियोजन कचेरींतून त्या सर्व्हे नंबराचा विभाग दर्शविणारा दाखला घ्यावा. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जागा वस्तीसाठी आहे, बागायत आहे, भातशेत आहे, कीं बांधकामास बंद आहे? विभाग बदलून दिल्याचे सांगण्यांत आले, तर तो बदल केव्हां व कोणत्या कलमाखाली झाला हे अवश्य विचारावे. नगर नियोजन कायद्यांत २०२३ साली घातलेल्या १७(२) या कलमाखाली असे बदल झाले. त्या कलमाखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. बदललेल्या विभागाच्या जोरावर चढा भाव मोजणाऱ्याने हे विसरूं नये.

विभाग वस्तीचा असला, तरी बिगरशेती वापरासाठी महसूल कायद्याच्या ३२ व्या कलमाखालील सनद लागते. भातशेताविषयी तर २०२३ च्या कायद्याने असे ठरविले आहे कीं, ते शेतकऱ्याखेरीज इतरांच्या नांवे करतां येत नाही. नदीकांठच्या खाजनांना व भरती-ओहोटीच्या पट्ट्याला किनारपट्टी नियमनाची बंधने आहेत. शापोराच्या कांठी जागा घेणाराने तिकडे विशेष लक्ष द्यावे. भरडावरची जागा डोंगरउताराची असेल, तर परवानगीवांचून डोंगर कापतां येत नाही. आणि मोठी जागा तुकडे पाडून विकली जात असेल, तर नगर नियोजन खात्याच्या ना-हरकत दाखल्याशिवाय अशा विभागणीचा दस्त उपनिबंधक नोंदवीत नाही. हा अडथळा टाळण्यासाठी "हिस्सा घ्या, जागा आपसांत आखून देऊं" असे सांगितले जाते. तसे केल्यास भांडण विकत घेतले असे समजावे.

सीमेपलीकडे सिंधुदुर्गांत नियम वेगळे आहेत. तेथे सात-बारा पाहावा लागतो, शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, आणि सात-बारावर 'भोगवटादार वर्ग दोन' असा शेरा असेल, तर सरकारची परवानगी लागते. गोव्याचा अनुभव तेथे व तेथला येथे लावूं नये.

श्रोतेहो, ही सारी सावधगिरी अतिरेकी वाटत असेल, तर नुकत्याच घडलेल्या गोष्टी आठवाव्या. परदेशी गेलेल्यांची वा वारस न उरलेल्यांची घरे-भाटे बनावट कागदांच्या आधारे बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं, गोवा सरकारने जून २०२२ मध्ये पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने अहवाल दिला. यांतील पुष्कळशी प्रकरणे बारदेशांतील, म्हणजे तुयेहून नदी ओलांडली कीं समोर. रीत साधारण अशी: जुन्या काळचा भासेल असा दस्त तयार करावयाचा, त्याच्या आधारे उताऱ्यावर नांव चढवावयाचे, आणि मग तो उतारा दाखवून तिसऱ्याला जमीन विकावयाची. त्या तिसऱ्याच्या हाती सरकारी शिक्क्याचा उतारा होता. पण त्यामागील दस्त खोटा होता. म्हणून जुन्या दस्ताची झेरॉक्स प्रत पाहून समाधान मानूं नये. मूळ दप्तर ज्या कचेरींत आहे, तेथून प्रमाणित नक्कल स्वतः अर्ज करून काढावी आणि विकणाऱ्याच्या प्रतीशी ती ताडून पाहावी.

मग करावे काय, ते क्रमाने सांगतो. आधी ताजा उतारा व नकाशा घ्यावा. नंतर जागेवर जावे, एकदा दलालाबरोबर आणि एकदा त्याच्याशिवाय. शेजारच्या चौघांना विचारावे: येथे कोण राबतो, वाट कोणाच्या भाटांतून येते, पावसाळ्यांत पाणी कोठवर चढते? भूमापकाकडून हद्दी आखून घ्याव्या. जमिनीचे व्यवहार नित्य पाहाणारा, आणि विकणाऱ्याचा नसलेला, वकील करून त्याच्याकडून दस्तांचा शोध व लेखी अभिप्राय घ्यावा. वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या. एवढे झाल्यावरच साटेखत करावे, पैसे बँकेमार्फत द्यावे, आणि खरेदीखत नोंदवून लगेच फेरफाराचा अर्ज करावा. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन 'विकत' घेऊं नये; त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. मुखत्यार सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र देणारा हयात आहे कीं नाही, हे आधी विचारावे. माणूस गेला कीं सामान्यतः त्याचे मुखत्यारपत्रही जाते.

शेवटी जे जमीन घेणार नाहीत, पण ज्यांची जमीन आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक टाईपांत वारसाच्या दस्तांच्या आणि जमीन-विक्रीच्या नोटिसा छापलेल्या असतात. बहुतेक वाचक त्या ओलांडून पुढे जातात. यापुढे आपल्या गांवाचे नांव दिसले तर त्या वाचीत जा. आपल्या भाटाचा उतारा वर्षांतून एकदा काढून पाहा. आजोबांचे नांव अजून तसेच असेल, तर भावाबहिणींनी एकत्र बसून, सर्वजण हयात व बोलते आहेत तोंवर, वारसाचा दस्त व वाटणी उरकून घ्या. गांवाचे स्मरण आता पूर्वीसारखे पुरणार नाही. त्या स्मरणांत जे खरे आहे, ते वेळीच दप्तरांत उतरविले, तर घेणाऱ्याची पुंजी वाचेल, दूर दिलेल्या बहिणीचा वाटा वाचेल, आणि भाटाच्या कोपऱ्यांतील मुंडकाराच्या चुलीलाही धक्का लागणार नाही.